‘सगळं ठीक आहे’: शहरातलं म्हातारपण आणि नैराश्य

(बाड हॉम्बुर्ग इथल्या आपल्या मेळाव्यात केलेलं भाषण. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)



सुरुवातीलाच एक खुलासा. माझ्या नावामागे ‘डॉ.’ लागतं ते पीएच.डी.चं. मी पेशंट तपासत नाही, प्रयोगशाळेत प्रथिनं तपासते. त्यामुळे कुणाला औषध सांगायला मी इथे उभी नाही. पण दुसऱ्यांचे शोधनिबंध वाचून त्यातलं खरं किती आणि फुगवलेलं किती हे पाहणं माझ्या पोटापाण्याचा भाग आहे, आणि गेली चार वर्षं घरच्याच कारणाने मी एका विषयावर बरंच वाचलं. तो विषय म्हणजे शहरात राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचं नैराश्य. स्पष्टच सांगायचं तर पुणे, ठाणे, डोंबिवली, नागपूर इथल्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहणारे आपले आईवडील. (‘ज्येष्ठ नागरिक’ म्हणायची पद्धत आहे. मी ‘म्हातारी माणसं’च म्हणणार. माझ्या आईला तो शब्द जास्त प्रामाणिक वाटतो.)

आपण ज्या गावात जमलो आहोत ते दीडशे वर्षांपूर्वी युरोपभर प्रसिद्ध होतं ते इथल्या झऱ्यांच्या पाण्यासाठी. जुगारासाठीही होतं, दोस्तोयव्हस्की इथेच पैसे हरला, पण तो विषय वेगळा. इथलं पाणी पचनाच्या तक्रारींवर गुणकारी मानलं जाई. लोक दूरदूरहून यायचे. सकाळी पाणी प्यायचं, बागेत ठरलेल्या वेळी फिरायचं, बँड ऐकायचा, चार ओळखी करायच्या. त्यातल्या किती जणांचं पोट बिघडलेलं होतं आणि किती जणांचं मन, हे आज कुणी सांगू शकणार नाही. पण पोटाची तक्रार घेऊन येणं सोपं होतं. आजही आहे. कोथरूडमध्ये तर फारच.

नैराश्य म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रडणारा, खिडकीशी सुन्न बसलेला माणूस येतो. म्हातारपणी ते अनेकदा तसं दिसतच नाही. ‘मला दुःख कसलं गं, फक्त झोप लागत नाही.’ तोंडाला चव नाही, पोट साफ होत नाही, पाय ओढतात, छातीत धडधडतं. वजन उतरतं. चिडचिड वाढते. वर्षानुवर्षं सोडवलेलं शब्दकोडं एक दिवस सुटतं ते कायमचंच. गोष्टी लक्षात राहत नाहीत, म्हणून घरचे स्मृतिभ्रंशाच्या धास्तीने हादरतात. हे सगळं दोन आठवड्यांहून जास्त काळ, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ चाललं असेल आणि जोडीला कशातच रस उरला नसेल, तर नैराश्याची शंका घ्यायला हवी. शोक याहून वेगळा असतो. शोकातला माणूस नातवाच्या खोडीला हसतो, मग पुन्हा डोळे पुसतो. नैराश्यात ती खोडी त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

अडचण अशी की यातलं प्रत्येक लक्षण नुसत्या वयामुळेही असू शकतं. म्हणूनच १९८० च्या दशकात अमेरिकेत जेरोम येसावेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खास वृद्धांसाठी प्रश्नावली बनवली तेव्हा झोप, भूक, दुखणी यांचे प्रश्न त्यातून शक्यतो वगळले. मन कशात रमतं का, बाहेर पडावंसं वाटतं का, आपण निरुपयोगी झालो असं वाटतं का, असे साधे हो-नाहीचे प्रश्न. छोट्या आवृत्तीत १५ आहेत. पाच-सात मिनिटं लागतात. ही चाळणी आहे, निदान नव्हे. पण चाळणीसुद्धा कुणी हातात घेत नाही, हे दुखणं आहे.

आकडे सांगायची सवय आहे, पण एकाच अभ्यासाचे सांगते. ‘लासी’ नावाची वार्धक्याची राष्ट्रीय पाहणी २०१७-१८ मध्ये झाली. मुंबईत देवनारला जी लोकसंख्या विज्ञानाची संस्था आहे, तिने हार्वर्ड आणि सदर्न कॅलिफोर्निया या विद्यापीठांच्या जोडीने ती केली. पंचेचाळीशीच्या पुढची ७२ हजारांहून जास्त माणसं त्यात होती. त्यातल्या साठीच्या पुढच्यांना ‘तुम्हाला नैराश्याचं निदान झालं आहे का’ असं विचारलं तेव्हा ०.८ टक्के लोक हो म्हणाले. त्याच वयाच्या लोकांना लक्षणांचे नेमके प्रश्न विचारले तेव्हा ८.३ टक्क्यांना तीव्र नैराश्य असण्याचा संभव दिसला. म्हणजे दहापट. नैराश्य असण्याचा संभव असलेल्या दहा म्हाताऱ्यांपैकी साधारण नऊ जण आपल्याला हे आहे हे न कळता, त्याला नाव न मिळता, दिवस काढताहेत.

याच पाहणीत खेड्यांत प्रमाण शहरांपेक्षा जास्त आढळलं, हे लपवणं बरं नाही. गरिबी हे त्याचं एक मोठं कारण असावं. मग मी शहराबद्दल का बोलते आहे? आपले लोक तिथे आहेत म्हणून, आणि शहरात दवाखाना हाकेच्या अंतरावर असूनही हे निदान होत नाही म्हणून. खेड्यात डॉक्टर नाही हे कारण समजतं. कर्वे रस्त्यावर ते कारण चालणार नाही.

आता घरचं. माझी आई निवृत्त शिक्षिका, त्र्याहत्तर वर्षांची होती. वडील जाऊन दीड वर्ष झालं होतं. तिची तक्रार पोटाची. वर्षभरात चार तज्ज्ञ झाले. एका मोठ्या रुग्णालयात वरून दुर्बीण, खालून दुर्बीण, सीटी स्कॅन असं सगळं झालं आणि काही निघालं नाही. शेवटी तिथले एक डॉक्टर म्हणाले, ‘आजी, या वयात असं चालायचंच.’ हे वाक्य ते धीर द्यायला म्हणाले असतील. पण त्या वाक्यानंतर पुढचा प्रश्न विचारायची सोयच राहिली नाही. बिलाची फाईल मात्र जाड झाली होती.

सुगावा लागला तो पोळ्या करायला येणाऱ्या ताईंमुळे. मी पुण्याला गेले होते. मला जिन्यात गाठून त्या म्हणाल्या, ‘आज्जी रोज दोन पोळ्या करायला लावतात आणि दोन्ही मलाच खायला लावतात. वर म्हणतात, लेकीला सांगू नको.’ मग आमच्या जुन्या फॅमिली डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी थायरॉईड, बी-१२ आणि रक्तातलं सोडियम आधी तपासलं. हे महत्त्वाचं आहे, कारण थायरॉईड मंदावला किंवा बी-१२ कमी झालं तरी माणूस असाच दिसतो, आणि आपल्या शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता सर्रास असते. मग ते पंधरा प्रश्न. अकरा उत्तरं नैराश्याकडे बोट दाखवणारी. पुढे मानसोपचारतज्ज्ञ, अगदी कमी मात्रेत सुरू केलेली गोळी आणि आठवड्याला एकदा एक तरुण समुपदेशक मुलगी. म्हातारपणी या गोळ्यांनी कधीकधी सोडियम उतरतं, म्हणून रक्त पुन्हा तपासायचं. गुण यायला कित्येक आठवडे लागतात. तिसऱ्या आठवड्यात आई म्हणाली, ‘तुझ्या गोळ्या नुसत्या पाण्यात गेल्या.’ बहुतेक लोक इथेच औषध सोडतात. ती सोडणार नाही हे त्या मुलीने पाहिलं. चौथ्या महिन्यात आईने पाण्याच्या टँकरवरून सोसायटीच्या सेक्रेटरीशी कडाक्याचं भांडण केलं, तेव्हा माझी खात्री पटली. अजून कधीकधी पहाटे चारला जाग येते आणि मन खाली जातं. पण त्याला काय म्हणतात हे आता तिला माहीत आहे.

त्या सगळ्या वर्षात आई आठवड्यातून तीनदा माझ्याशी व्हिडिओवर बोलत होती! आपण पूर्वी कॉलिंग कार्ड खरवडून फोन करायचो. आता चेहरा दिसतो, फुकट दिसतो. पण फोन ठरलेल्या वेळी येतो. त्याआधी केस विंचरले जातात, बरी साडी नेसली जाते, माणूस उजेडात बसतो. कॅमेऱ्यात चेहरा येतो, फ्रिज येत नाही, उशाशी साठलेली वर्तमानपत्रं येत नाहीत. ‘कशी आहेस?’ या प्रश्नाला मराठी आईकडे एकच उत्तर असतं. त्याऐवजी कालच्या दिवसाबद्दल विचारावं. काल काय रांधलंस, कुणाशी बोललीस, खाली उतरलीस का, पहाटे किती वाजता जाग आली, भिशीला गेली नसशील तर कधीपासून गेली नाहीस. आणि फोन अधूनमधून अवेळी करावा. पोळ्यावाल्या ताईंचा, शेजाऱ्यांचा, वॉचमनचा नंबर आपल्याकडे असावा. यात हेरगिरी वाटते असं मागे कुणी तरी म्हणालं होतं. असेल. आई-वडिलांना आधी सांगून केली तर चालते.

‘सगळं ठीक आहे’ हे उत्तर येतं तरी कुठून, याचा थोडा विचार करू. सत्तरच्या दशकात जयवंत दळवींचं ‘संध्याछाया’ आलं. म्हातारं जोडपं, एक मुलगा अमेरिकेत, एक सैन्यात. ते नाटक आपल्या आईवडिलांच्या पिढीने रडत पाहिलं, आणि तेव्हापासून एक गोष्ट पक्की झाली: मुलं परदेशी गेली की म्हातारे खचतात. नाटक म्हणून ते थोर आहे. रोगाचं कारण म्हणून अपुरं आहे. मुलगा-सून-नातवंडांनी भरलेल्या घरातही नैराश्य येतं, आणि मुलं सातासमुद्रापार असलेली कित्येक माणसं मजेत असतात. जोडीदार जाणं, ऐकू कमी येणं, दीर्घ आजार, पैशाची ओढ, एकटेपणा, आधी कधी येऊन गेलेलं नैराश्य, असे अनेक धागे असतात. मुलांचं दूर असणं हा त्यातला एक. पण एकदा का तो मुलांचा गुन्हा ठरला की उपचारही एकच उरतो, मुलांनी परत येणं. ते होत नाही, आणि दुसरं काही कुणी करत नाही. नातेवाईक आपल्याला बोल लावतात, आपण तो खाली मान घालून ऐकतो. आई हे सगळं जाणते. आपल्या आजाराचा आरोप लेकरावर येणार हे दिसत असताना ती ‘मला बरं वाटत नाही’ असं म्हणेल कशी? ती लेकराला वाचवते आणि पोट दुखतं म्हणते. आपली अपराधी भावना तिच्या आजाराला झाकण घालते. ती बाजूला ठेवली तर बहुधा पहिल्यांदा डॉक्टरचं नाव निघेल.

दुसरं झाकण अध्यात्माचं. ‘नामस्मरण करा, वानप्रस्थ आहे, मन गुंतवू नका.’ भजनी मंडळात जाऊन चार माणसांत गाणं चांगलंच आहे, मी त्याच्या विरोधात नाही. पण ज्याला पलंगावरून उठवत नाही त्याला ‘श्रद्धा कमी पडते’ असं सांगणं म्हणजे पाय मोडलेल्याला प्रदक्षिणा घालायला सांगणं.

मग त्यांना इथेच आणलं तर? नव्वद दिवसांचा व्हिसा सगळ्यांना माहीत आहे. १ मार्च २०२४ पासून जर्मन कायद्यात एक दार किलकिलं झालं आहे: त्या तारखेनंतर ज्यांना कुशल कामगार म्हणून पहिल्यांदा परवाना मिळाला त्यांना आईवडिलांना राहायला आणता येतं, मात्र खर्चाची आणि आरोग्यविम्याची हमी लागते. त्या वयात विमा मिळवताना काय होतं ते प्रयत्न केलेल्यांनी चहाच्या वेळी जरूर सांगावं. पण कायदा सोडा. आई एकदा नोव्हेंबरात आली होती. इथे साडेचारला अंधारून येतं. कुरपार्कमधल्या बाकावर बसून ती म्हणाली, ‘सगळं सुंदर आहे गं, पण मला इथे कुणी ओळखत नाही.’ कोथरूडमध्ये भाजीवाला तिला ‘बाई’ म्हणतो कारण त्याची मुलगी तिच्या वर्गात होती. ही ओळख बॅगेत घालून आणता येत नाही. ती तिथेही सुटत चालली आहे, हेही खरं. वाडे आणि चाळी पाडून बारा मजले होतात, गॅलरीतून समोरच्याशी बोलणं संपतं, फुटपाथवर गाड्या उभ्या असतात म्हणून म्हातारी माणसं खाली उतरत नाहीत. पुण्यातली विरंगुळा केंद्रं, मुंबईतली नाना-नानी पार्कं, हास्यक्लब यांची आपण टिंगल करतो. करू नये. माणसाला रोज कुठे तरी जायला लागतं.

जर्मनीत हा प्रश्न सुटला आहे असंही समजू नका. इथे पेन्शन आहे, १९९५ पासून शुश्रूषेचा सक्तीचा विमा आहे, तरी दरवर्षी सुमारे १० हजार माणसं आत्महत्या करतात आणि वयाबरोबर प्रमाण चढत जातं, पुरुषांत फारच. बर्लिनमध्ये २०१८ मध्ये ‘सिल्बरनेट्स’ नावाची फोनसेवा सुरू झाली, केवळ एकट्या म्हाताऱ्यांना कुणाशी तरी बोलता यावं म्हणून. २०२३ च्या डिसेंबरात सरकारने एकाकीपणाविरुद्ध राष्ट्रीय धोरण मंजूर केलं.

आत्महत्येचा उल्लेख आलाच आहे तर एक गोष्ट थांबून सांगते. ‘जगून काय करायचं’, ‘देवाने उचलावं’ ही आपल्याकडची नेहमीची वाक्यं, आपण ती ऐकून सोडून देतो. सोडू नका. जीव द्यावासा वाटतो का, असं सरळ विचारा. विचारल्याने डोक्यात नसलेलं डोक्यात येतं ही भीती खोटी आहे. भारतात टेली-मानसचा नंबर १४४१६ आहे, वृद्धांच्या मदतीसाठी १४५६७. इथे जर्मनीत टेलिफोनझेलझोर्गे, ०८०० १११ ० १११. लिहून घ्या.

आता माझ्या मते सगळ्यात आशेची गोष्ट. ती आपल्या शेजारच्या गोव्यातली आहे. भारतात लाखामागे एकही मानसोपचारतज्ज्ञ पडत नाही, तेव्हा ‘तज्ज्ञाकडे जा’ हा सल्ला बहुसंख्यांना लागू नाही. गोव्यातली ‘संगाथ’ ही संस्था १९९६ पासून याच गाठीवर काम करते आहे. विक्रम पटेल हे तिच्या संस्थापकांपैकी एक. त्यांनी आणि गोवा मेडिकल कॉलेजचे अमित डायस, पिट्सबर्गचे चार्ल्स रेनॉल्ड्स आदींनी ‘दिल’ नावाचा प्रयोग केला. तो २०१९ मध्ये ‘जामा सायकिॲट्री’त छापून आला. साठीच्या पुढची १८१ माणसं, सरकारी आरोग्यकेंद्रांत येणारी, नैराश्याच्या उंबरठ्यावरची. ९१ जणांकडे प्रशिक्षण दिलेले साधे समुपदेशक गेले. डॉक्टर नव्हेत, मानसशास्त्राचे पदवीधरही असायला हवेत असं नाही. त्यांनी काय केलं? रोजची एखादी अडचण घेऊन ती टप्प्याटप्प्याने सोडवायला शिकवलं, झोपेच्या सवयी नीट करून दिल्या, मधुमेहासारख्या दुखण्यांची काळजी कशी घ्यायची ते सांगितलं, आणि सरकारी योजनेचा अर्ज भरायला मदत केली. उरलेल्या ९० जणांची नेहमीची देखभाल चालू राहिली. वर्षभरात पहिल्या गटात ४ जणांना पूर्ण नैराश्य आलं, दुसऱ्यात १३ जणांना.

माझ्यातली वैज्ञानिक लगेच म्हणते, सतरा घटनांवरून ढोल वाजवू नका. बरोबर आहे. प्रयोग लहान, राज्य एक. पण याच संस्थेचा आणखी एक प्रयोग ‘लॅन्सेट’मध्ये आला आहे. त्यात आधीच नैराश्य असलेल्या, पासष्टीपर्यंतच्या लोकांना अशाच समुपदेशकांच्या सहा ते आठ भेटींनी गुण आला होता. दोन्ही दिशा एकच दाखवतात. आणि अर्ज भरायला मदत करणं हा उपचाराचा भाग मानला गेला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

या गावाशी जोडलेली एक गोष्ट इथे आठवते. कवी ह्योल्डर्लिन इथे राहत होता. १८०६ मध्ये मनाने ढासळलेल्या अवस्थेत त्याला इथून ट्युबिंगेनच्या रुग्णालयात नेलं. त्याचा आजार नैराश्याहून निराळा आणि गंभीर होता. डॉक्टरांनी फार तर तीन वर्षं सांगितली. मग झिमर नावाच्या सुताराने त्याला आपल्या घरी ठेवून घेतलं, आणि तो तिथे छत्तीस वर्षं जगला. सुताराकडे औषध नव्हतं. घर होतं, रोजचा दिनक्रम होता, आणि हा माणूस आपला आहे असं मानणारं कुटुंब होतं.

पोळ्या करणाऱ्या ताईंकडे पुन्हा येते. त्या एकसष्ट वर्षांच्या आहेत. चार घरची कामं करतात, गुडघे गेले आहेत, नवरा अंथरुणाला. त्यांचं पोट दुखलं तर चार तज्ज्ञ होणार नाहीत. राष्ट्रीय वृद्धापकाळ पेन्शन योजनेत साठी ते एकोणऐंशीच्या माणसासाठी केंद्राचा वाटा महिना २०० रुपये, तो २००७ मध्ये होता तेवढाच दीड दशकानंतरही राहिला. शहरातली म्हातारी माणसं म्हणजे फक्त आपले आईवडील नव्हेत. त्यांना सांभाळणारीही म्हातारी होताहेत, आणि नैराश्याचा धोका त्यांना जास्त आहे.

म्हणून आता कामाचं बोलते. यंदाच्या निधीतून एका वृद्धाश्रमात खोली बांधून द्यावी, दारावर आपल्या मंडळाची पाटी लावावी, अशी सूचना कार्यकारिणीपुढे आहे. माझा तिला विरोध आहे. खोलीत एक माणूस राहील. तेवढ्याच पैशांत पुण्यातल्या एखाद्या वस्तीत आणि तिच्या शेजारच्या सोसायट्यांत मिळून दोन प्रशिक्षित समुपदेशकांचा पगार काही काळ देता येईल का, ते बघू या. पाटी लावायला दार मिळणार नाही, हे मान्य. किती लोकांपर्यंत पोचलो, प्रश्नावलीतले गुण किती बदलले, किती जणांनी मध्येच सोडलं, याचा हिशेब सहा महिन्यांनी मी स्वतः मांडीन, तो वाईट निघाला तरी. प्रस्तावाचं एक पान मागच्या टेबलावर ठेवलं आहे, शेजारी त्या पंधरा प्रश्नांच्या मराठी प्रती आहेत. दोन्ही घेऊन जा. मतदान जेवणानंतर आहे, त्याआधी ज्यांना खोलीच्या बाजूने बोलायचं आहे त्यांनी आता हात वर करावा.